रॅम सतत ९० टक्क्यांवर? विंडोजमध्ये मेमरी कोण खातंय ते शोधायची रीत

टास्क मॅनेजर उघडला, मेमरीसमोर ८८ टक्के दिसले आणि लगेच एखादं 'रॅम क्लीनर' डाउनलोड केलं, हे सर्रास घडतं. चूक त्या टक्क्यावर विश्वास ठेवण्यातच होते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज ११, ब्राउझर आणि एखाद-दुसरं चॅटचं अॅप चालू असलं की ७०-७५ टक्के वापर दिसणं नेहमीचं आहे, आणि असा लॅपटॉप दिवसभर विनातक्रार चालतो. उलट १६ जीबीचा डेस्कटॉप ६० टक्क्यांवर असतानाही 'मेमरी संपली' म्हणत प्रोग्रॅम बंद पाडू शकतो. तेव्हा आधी हिशेब वाचायचा आणि मग काय बंद करायचं ते ठरवायचं. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये असतात तीच देवनागरीत दिली आहेत.

टक्के सोडा, हे आकडे लिहून घ्या

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे खाली बारीक अक्षरांत बरेच आकडे असतात. त्यातले पाच कामाचे.

'इन यूज' म्हणजे सध्या खरोखर वापरात असलेली रॅम. त्याच्यापुढे कंसात 'कंप्रेस्ड' असा आकडा असतो. रॅम कमी पडू लागली की विंडोज बराच वेळ हात न लागलेली पानं (मेमरीचे छोटे, ठरावीक आकाराचे तुकडे) दाबून लहान करून रॅममध्येच ठेवतं, त्यांचा हा आकडा. तो काहीशे एमबी असेल तर काळजी नको. ८ जीबीच्या मशीनवर तो दीड-दोन जीबीच्या पुढे गेला असेल तर ओढाताण सुरू झाली आहे.

'अव्हेलेबल' म्हणजे लगेच देता येईल अशी रॅम. यात पूर्ण रिकामा भाग येतो आणि 'स्टँडबाय' भागही येतो. स्टँडबायमध्ये नुकत्याच वापरलेल्या फाइलींच्या प्रती असतात, एखाद्या प्रोग्रॅमने जागा मागितली की त्या क्षणात टाकून दिल्या जातात. म्हणूनच 'कॅश्ड' समोर ३ जीबी दिसले तरी ती गळती, म्हणजे घेतलेली मेमरी प्रोग्रॅमने परत न करणं, नव्हे. रिकामी पडलेली रॅम म्हणजे भाडं भरून कुलूप लावून ठेवलेली खोली, विंडोज ती वापरात आणतं एवढंच.

तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित: 'कमिटेड'. तो ११.४/१५.७ असा जोडीने येतो. पहिला भाग म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना विंडोजने 'देतो' म्हणून कबूल केलेली मेमरी. दुसरा भाग म्हणजे कबूल करता येईल अशी कमाल मेमरी, म्हणजे रॅम आणि पेजफाइल (रॅमला पुरवणी म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) यांची बेरीज. पहिला आकडा दुसऱ्याला जाऊन भिडला की रॅम रिकामी असली तरी नवीन मागणी नाकारली जाते. वरच्या १६ जीबीच्या डेस्कटॉपचं कोडं इथे सुटतं. कुणीतरी 'वेग वाढवण्यासाठी' पेजफाइल बंद केलेली असते आणि मर्यादा १५.९ वर अडकलेली असते.

चौथा 'नॉन-पेज्ड पूल', म्हणजे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि विंडोजचा गाभा यांनी घेतलेली, डिस्कवर हलवता न येणारी मेमरी. घरगुती मशीनवर ती साधारणपणे काहीशे एमबी असते. पाचवा 'हार्डवेअर रिझर्व्हड', म्हणजे हार्डवेअरसाठी बाजूला काढलेली, विंडोजला न मिळणारी रॅम. या दोन्हींकडे पुढे वळू.

आता खरी टंचाई आहे की नाही, हे तपासायचं. स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधून उघडा, मेमरी टॅबवर जा आणि 'हार्ड फॉल्ट्स' चा आलेख पाहा. हवं असलेलं पान रॅममध्ये सापडलं नाही, डिस्कवरून आणावं लागलं, की एक हार्ड फॉल्ट मोजला जातो. प्रोग्रॅम उघडताना आलेख उंच जाऊन खाली येणं ठीक आहे. पण नुसतं एका खिडकीतून दुसरीत जातानाही तो सेकंदाला शेकड्यांनी टिकून राहत असेल, आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्के दिसत असेल, तर रॅम खरंच अपुरी आहे. आलेख सपाट असेल तर मशीन हळू असण्याचं कारण दुसरीकडे शोधा. तापलेला प्रोसेसर, भरत आलेली सी ड्राइव्ह किंवा जुनी फिरती हार्ड डिस्क ही नेहमीची कारणं.

शटडाउन नको, रीस्टार्ट करा

'रोज रात्री बंद करतो, तरी सकाळी रॅम भरलेलीच' ही तक्रार खरी असते आणि तिचं कारण फास्ट स्टार्टअप असतं. ही सोय चालू असेल तर शटडाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तसेच परत आणले जातात. एखादा ड्रायव्हर मेमरी गळवत असेल तर त्याची गळतीही सोबत परत येते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' पाहा. रोज बंद होणाऱ्या मशीनवर तिथे ९-१० दिवस दिसले तर हाच प्रकार आहे.

रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक केलं तरी मशीन पूर्ण बंद होतं. फास्ट स्टार्टअप कायमचं काढायचं असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' असं जा. तिथे वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबल्यावर खालची खूण काढता येते. एसएसडी असलेल्या मशीनला याने फारसा फरक पडत नाही.

रीस्टार्टनंतर दहा मिनिटं काही उघडू नका. या वेळात अपडेट, अँटिव्हायरस आणि शोधाची अनुक्रमणी यांची धावपळ आटोपते. मग पाचही आकडे लिहा. नेहमीचं काम करा आणि तीन-चार तासांनी पुन्हा लिहा. पहिलीच नोंद फुगलेली असेल तर दोष स्टार्टअपमध्ये किंवा हार्डवेअरमध्ये आहे. पहिली ठीक आणि दुसरी फुगलेली असेल तर एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर गळतोय, नाहीतर टॅब साचताहेत. हा कागद हातात नसताना केलेली दुरुस्ती म्हणजे अंदाजपंचे.

कुठला प्रोग्रॅम?

प्रोसेसेस टॅबमध्ये मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की यादी उतरत्या क्रमाने लागते. पण तो रकाना अर्धीच गोष्ट सांगतो, कारण त्यात फक्त त्या प्रोग्रॅमची खासगी आणि या घडीला रॅममध्ये असलेली पानं मोजलेली असतात. पूर्ण चित्रासाठी डिटेल्स टॅबवर जा, रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करा, 'सिलेक्ट कॉलम्स' मध्ये 'कमिट साइज' आणि 'हँडल्स' (प्रोग्रॅमने उघडून धरलेल्या फाइली वगैरे गोष्टींची संख्या) वर खूण करा आणि कमिट साइजने यादी लावा. मेमरी ३०० एमबी पण कमिट ५ जीबी असा एखादा प्रोग्रॅम निघाला, तर त्याने मागून ठेवलेलं बरंचसं कंप्रेस झालंय, पेजफाइलमध्ये गेलंय किंवा अजून वापरलंच गेलेलं नाही. मर्यादा मात्र तोच खातोय.

गळती ओळखायची खूण म्हणजे काहीही न करता वाढत जाणारा आकडा. संशयित प्रोग्रॅम उघडा ठेवा, त्याला हात लावू नका आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने कमिट साइज आणि हँडल्स टिपा. दोन्ही चढतच राहिले तर तो प्रोग्रॅम अपडेट करा, नाही जमलं तर काढून टाका. विंडोजच्या पार्श्वभूमीतल्या सर्व्हिस चालवणारा सर्व्हिस होस्ट फुगलेला दिसला तर डावीकडचा बाण दाबून त्याच्या पोटात कुठली सर्व्हिस आहे ते पाहा आणि त्या सर्व्हिसवर राइट क्लिक करून रीस्टार्ट द्या. सर्व्हिस होस्टची आख्खी प्रोसेस मारू नका. 'क्लायंट सर्व्हर रनटाइम प्रोसेस' सारख्या गाभ्याच्या प्रोसेस मारल्या तर थेट निळा स्क्रीन येतो.

अनोळखी नाव दिसलं तर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' पाहा. विंडोजच्या प्रोसेसचं नाव, पण फाइल मात्र टेंप किंवा डाउनलोड्स फोल्डरमध्ये असेल, तर विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्यूटेबल' हा डिफेंडरच आहे. त्याने २००-३०० एमबी घेणं नेहमीचं. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत असतील तर त्यातला एक काढा.

बहुतेक वेळा ब्राउझरच

यादीत क्रोमच्या वीस-पंचवीस नोंदी पाहून व्हायरसची शंका घेतली जाते. तसं काही नसतं. २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटीचा बोभाटा झाल्यावर क्रोमने आवृत्ती ६७ पासून डेस्कटॉपवर वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये बंदिस्त करायला सुरुवात केली. एका साइटला दुसरीची माहिती चोरता येऊ नये, हा हेतू. त्यासाठी १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागते, असं गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. ही किंमत सुरक्षिततेची आहे, ती वाचवायला जाऊ नका.

वाचवण्यासारखं इतरत्र भरपूर आहे. क्रोम किंवा एज उघडा असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा, म्हणजे ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. फायरफॉक्समध्ये तो मेनूतल्या 'मोअर टूल्स' खाली आहे. इथे कुठला टॅब आणि कुठलं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेलं छोटं साधन) किती खातंय, ते नावानिशी दिसतं. विंडोजचा टास्क मॅनेजर हे धड सांगत नाही. ई-मेल, ऑनलाइन स्प्रेडशीट, चित्र काढायची साधनं आणि आपोआप पुढे सरकत राहणारी सोशल मीडियाची पानं एकेकटी ३०० एमबी ते १ जीबीपर्यंत जातात. असा टॅब बंद करून पुन्हा उघडला तरी बरीच मेमरी मोकळी होते.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर चालू करा. एजमध्ये तेच काम स्लीपिंग टॅब्स करतात. बराच वेळ न पाहिलेला टॅब झोपवला जातो आणि परत गेल्यावर गरजेप्रमाणे नव्याने लोड होतो. यातला धोका असा की एखादा लांबलचक सरकारी अर्ज अर्धवट भरून तुम्ही कागदपत्रं शोधायला गेलात, तर परत आल्यावर तो कोरा दिसू शकतो. म्हणून अशा साइटची नावं अपवादाच्या यादीत घालून ठेवा, ती सोय दोन्हीकडे तिथेच आहे.

एक्स्टेंशनची परीक्षा सोपी आहे. इनकॉग्निटो खिडकीत ती मुळात बंद असतात. तेच टॅब तिथे उघडल्यावर मेमरी ठळकपणे कमी लागली तर दोष एक्स्टेंशनचा. कूपन शोधणारी, व्याकरण तपासणारी आणि पानाचा स्क्रीनशॉट घेणारी एक्स्टेंशन प्रत्येक टॅबमध्ये आपला कोड घुसवतात, म्हणून आधी त्यांच्याकडे बघा. जाहिराती अडवणारं चांगलं एक्स्टेंशन मात्र स्वतः थोडी मेमरी घेऊन जाहिरातींनी भरलेल्या पानांची जास्त वाचवतं. ते ठेवा.

ब्राउझर बंद केल्यावरही तो यादीत दिसत राहतो? क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टमखाली पार्श्वभूमीत अॅप चालू ठेवण्याची परवानगी असते, ती काढा. एजमध्ये याशिवाय 'स्टार्टअप बूस्ट' ही बंद करा. 'एज वेबव्ह्यू२' च्या नोंदी मात्र एज न वापरताही दिसतील, कारण टीम्स आणि विंडोजचे विजेट्स यांच्या पोटात तेच इंजिन आहे. विजेट्स पाहत नसाल तर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार इथून काढून टाका. डिस्कॉर्ड आणि स्लॅकसारखी अॅपही आतून ब्राउझरच असतात. ८ जीबीच्या मशीनवर अशी तीन अॅप वेगळी चालवण्यापेक्षा त्यांच्या वेबसाइट एकाच ब्राउझरमध्ये उघडणं स्वस्त पडतं.

स्टार्टअपची छाटणी

टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप अॅप्स' मध्ये जाऊन गेम लाँचर, संगीताची अॅप, प्रिंटरची शाई दाखवणारे आणि अपडेट शोधणारे मदतनीस बंद करा. आवाज, टचपॅड आणि विंडोज सिक्युरिटी यांना हात लावू नका. 'स्टार्टअप इम्पॅक्ट' चा रकाना बघून निवड करू नका. तो सुरुवातीला लागलेला प्रोसेसर आणि डिस्क मोजतो, मेमरी नाही. त्यामुळे 'लो' लिहिलेलं अॅपही ४०० एमबी घेऊन बसलेलं असू शकतं.

बेरीज जुळत नाही तेव्हा

सगळे प्रोग्रॅम मिळून ३ जीबी होतात, पण इन यूज ७ जीबी दाखवतं. इथे बहुतेक जण हात टेकून विंडोज पुन्हा टाकतात. त्याची गरज क्वचितच असते, कारण हरवलेली मेमरी प्रोग्रॅमकडे नसून खालच्या थरात असते.

नॉन-पेज्ड पूल १ जीबीच्या पुढे असेल आणि तासागणिक वाढत असेल, तर एखादा ड्रायव्हर गळतोय. सर्वांत जास्त वेळा तो नेटवर्कचा निघतो. या क्रमाने जा: लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून वाय-फाय आणि लॅनचे ताजे ड्रायव्हर टाका. इंटरनेटला 'प्राधान्य' देणारी, सोबत आलेली युटिलिटी काढा. जुने व्हीपीएन आणि जुन्या अँटिव्हायरसचे अवशेष काढा. प्रत्येक पायरीनंतर रीस्टार्ट करून पूल मोजा. सगळं एकदम केलंत तर दोषी कोण ते कळणार नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) 'एनडीयू' हा नेटवर्कच्या डेटा वापराची मोजणी करणारा ड्रायव्हर बंद करण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो. त्याने गळती थांबली तरी ते उत्तर नव्हे, नेटवर्कचा ड्रायव्हर बदलायला हवा याचा पुरावा आहे.

एवढ्याने सापडलं नाही तर मायक्रोसॉफ्टचं पूलमॉन हे साधन घ्या. ते विंडोज ड्रायव्हर किटसोबत येतं. प्रशासक म्हणून चालवा, पी दाबून फक्त नॉन-पेज्ड निवडा आणि बी दाबून बाइटनुसार क्रम लावा. सर्वांत वर, सर्वाधिक मेमरी घेणाऱ्याची ओळख असलेला, चार अक्षरी टॅग दिसेल. तो टॅग विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये फाइंडस्ट्र या आदेशाने शोधला की बहुधा फाइलचं नाव मिळतं, आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपनीचं.

पूल ठीक असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं रॅममॅप उघडा. ते मोफत आहे आणि इन्स्टॉल करावं लागत नाही. 'यूज काउंट्स' मध्ये 'ड्रायव्हर लॉक्ड' मोठा असेल तर व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) चालू आहे का ते पाहा. डॉकर किंवा विंडोजमधलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल, वापरत असाल, तर दुसऱ्या आवृत्तीचं डब्ल्यूएसएल मुळात निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये मर्यादा घाला. 'पेज टेबल' (कुठलं पान कुठे आहे याची नोंदवही) विचित्रपणे मोठा असेल तर रॅममॅपचा प्रोसेसेस टॅब पाहा. तिथे संपलेल्या प्रोसेसच्या शेकडो ओळी, प्रत्येकी काही केबींच्या, दिसल्या तर एखादा प्रोग्रॅम त्यांचे हँडल सोडत नाहीये. डिटेल्समध्ये हजारोंनी हँडल्स धरून बसलेला कोण आहे ते शोधा.

रॅममॅपमध्येच 'एम्प्टी' चा मेनू आहे आणि बाजारातले रॅम क्लीनर जवळपास तेच करतात. चालू प्रोग्रॅमची पानं रॅममधून हुसकावली की आकडा ४० टक्क्यांवर येतो, आणि पुढच्याच मिनिटाला ती पानं परत आणताना मशीन अडखळतं. फायदा शून्य.

पेजफाइल आणि हार्डवेअर रिझर्व्हड

स्टार्टमध्ये 'अॅडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज' शोधा, अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये व्हर्च्युअल मेमरीसमोर चेंज दाबा आणि सर्वांत वरची 'ऑटोमॅटिकली मॅनेज' ही खूण असू द्या. एसएसडी झिजेल या भीतीने पेजफाइल बंद करू नका. सी ड्राइव्हवर १५-२० जीबी मोकळी ठेवा, कारण जागाच नसेल तर पेजफाइल वाढू शकत नाही आणि कमिटची मर्यादा तिथेच अडते. मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर ८ जीबीवरून १६ वर जाण्याआधी एसएसडी बसवा, फरक जास्त जाणवेल.

हार्डवेअर रिझर्व्हड १०० ते ३०० एमबी असणं ठीक. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेल्या मशीनवर ५१२ एमबी ते २ जीबीही असू शकतं, तो वाटा बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमधून) कमी करता येतो. आठातले चार जीबीच 'यूजेबल' दिसत असतील तर सिस्टम कॉन्फिगरेशन उघडा आणि बूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम मेमरी' वर खूण असल्यास काढा. ती खूण नसेल तर रॅमची पट्टी नीट बसलेली नाही, किंवा विंडोजच ३२ बिटचं आहे. ते किती बिटचं आहे, हे सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे कळतं.

रॅम वाढवायचीच असेल तर

नेहमीच्या कामात कमिटेडचा पहिला आकडा प्रत्यक्ष रॅमच्या दीडपटीच्या आसपास राहत असेल आणि हार्ड फॉल्ट टिकून असतील, तर छाटणीने भागणार नाही. टास्क मॅनेजरमध्ये 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' पाहा. एसओडिम म्हणजे लॅपटॉपची काढता येणारी पट्टी. 'रो ऑफ चिप्स' म्हणजे बोर्डावरच डकवलेली, ती बदलता येत नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये अर्धी डकवलेली आणि एक स्लॉट मोकळा असतो, म्हणून पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर कमाल क्षमता बघा. डीडीआर३, ४, ५ या रॅमच्या पिढ्या. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. खाचेची जागाही वेगळी असते, त्यामुळे एकाच्या जागी दुसरी बसत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत खरेदीला जाताना प्रकार, वेग आणि जुन्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो सोबत ठेवा. दोन पट्ट्यांचे वेग वेगळे असतील तर दोन्ही कमी वेगाने चालतात. सारख्या क्षमतेची जोडी घेतली तर ड्युअल चॅनेलचा (दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण होण्याचा) लाभ मिळतो आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला तो चांगलाच जाणवतो.

१. शिफ्ट धरून शटडाउन करा, चार्जर काढा, झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा.
२. एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. पट्टी कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.
३. जुनी पट्टी काढायची असेल तर दोन्ही बाजूंच्या क्लिप बाहेर ओढा, ती आपोआप तिरपी वर येते.
४. नवी पट्टी खाच जुळवून साधारण ३० अंशांच्या कोनात, सोनेरी भाग जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत आत सरकवा आणि मग क्लिपचा आवाज येईतो खाली दाबा. जोर लावावा लागत असेल तर खाच चुकली आहे.

पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ च्या मशीनचा स्क्रीन काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमशी वेग जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबू नका. विंडोज आलं की टास्क मॅनेजरमध्ये क्षमता आणि वेग पडताळा, मग स्टार्टमधून विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा. त्यात चूक निघाली तर पट्टी एकदा काढून पुन्हा बसवा आणि तपासा. तरीही चूक येत असेल तर बिल घेऊन दुकानात जा आणि पट्टी बदलून घ्या. खराब रॅमवर मशीन चालवलं तर फाइली कुठलीही सूचना न देता बिघडत जातात.